एचएफ गाईच्या खुरांच्या बेचक्यात गोळा आला आहे, कापावा का? कापल्यावर पुन्हा येतो का?

शिरूरकडच्या तुमच्या गाईच्या मागच्या पायात, दोन नख्यांच्या मधे सुपारीएवढा, घट्ट, वास नसलेला गोळा असेल, तर ती बेचक्यातल्या कातडीची वाढ आहे. घाण वास, खुराच्या वर सूज आणि ताप असेल तर तो खुरसडा. त्यात आधी अँटिबायोटिक, चाकू नंतर.

लहान, न दुखणाऱ्या गोळ्याला खुरं साळून घेणं बहुतेकदा पुरतं. गाय लंगडत असेल तर कापावाच. मोरचूद दाबून जाळू नका. सांधा तिथून फार दूर नसतो.

हे काम पशुवैद्यकाचंच. आदल्या रात्रीपासून चारा बंद, नाहीतर आडवी पाडल्यावर पोट फुगतं. गाभण गाय असेल, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तर आधी सांगा. झायलाझिन हे गुंगीचं औषध तेव्हा टाळावं लागतं. पायाला रबरी नळी आवळून, तिच्या खाली शिरेत बधिर करणारं 2 टक्के लिग्नोकेन (अॅड्रेनॅलिन नसलेलं) साधारण 20 मिली देतात. दहा मिनिटांत पाय बधिर होतो. काम लवकर आटोपलं तरी नळी वीस मिनिटांच्या आत सोडू नये, तासापेक्षा जास्त ठेवू नये.

गोळा चिमट्याने ओढून दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा काढतात. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. खालची बाहेर येणारी चरबी राहिली आणि नख्या फाकत राहिल्या, की गोळा परत येतो. चरबी काढावी, पण नख्या जोडणाऱ्या आडव्या बंधाला धक्का लागू नये. मग दोन्ही नख्यांच्या टोकाला, फक्त बाहेरच्या, न दुखणाऱ्या मेलेल्या खुरात, भोक पाडून तारेने बांधतात. तार घाईत वगळली जाते, मी मात्र आग्रह धरेन. ती साधारण तीन आठवडे ठेवावी. जखमेला टाके नाहीत, पोव्हिडोन आयोडीनची गॉज आणि घट्ट पट्टी. पहिली पट्टी तीन-चार दिवसांनी बदला, भिजली तर त्याच दिवशी.

दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम मागा. डायक्लोफिनॅक, किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक यांवर जनावरांसाठी बंदी आहे, कारण असं मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडं मरतात. अँटिबायोटिक चालू असताना आणि बाटलीवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत दूध डेअरीत घालू नका.

गोठ्यात मूत साचत असेल तर दुसऱ्या पायातही हेच होईल. उतार नीट करा, कोरडी जागा द्या, वर्षातून दोनदा खुरं साळा. या गाईच्या कालवडीवर लक्ष ठेवा. हा दोष काही वंशांत आनुवंशिक असतो.

गावात सर्जन मिळत नसेल तर 1962 वर फोन करून जनावरांच्या दवाखान्याचं फिरतं पथक विचारा. खोडा आणि दोन माणसं मात्र तुमची तयार ठेवा.