इंधनाला टिकणारा क्लिअर कोट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ४० साइझच्या (०.४० घनइंच) ग्लो इंजिनच्या ट्रेनरवर, म्हणजे शिकाऊ मॉडेल विमानावर, स्प्रेच्या डब्यातला क्लिअर (पारदर्शक) लॅकर मारला आणि दोन आठवडे वाळू दिला. पहिल्याच उड्डाणानंतर सायलेन्सरच्या मागचा भाग चिकट झाला, पुसताना रंगही फडक्याला लागला. डब्यावर तर पेट्रोलने खराब होत नाही असे छापले आहे. मग घ्यायचे तरी काय? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : ग्लो इंधनात पेट्रोल नसतेच, त्यामुळे डब्यावरच्या त्या ओळीचा तुम्हाला उपयोग नाही. या इंधनात बहुतांश मेथेनॉल, साधारण १८ ते २० टक्के तेल आणि बहुधा ५ ते १५ टक्के नायट्रोमिथेन असते. खरा त्रास नायट्रोमिथेनचा. लॅकर नुसता थिनर उडून वाळतो, त्यामुळे तशाच ताकदीचा द्रव पुन्हा अंगावर आला की तो परत मऊ पडतो. दोन महिने वाळवला असता तरी हेच झाले असते. फर्निचरसाठी मिळणारा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरही याच जातीचा. फ्रेंच पॉलिशचा तर विचारच नको, लाख मेथेनॉलमध्ये सरळ विरघळते.

गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारा, हार्डनर घालून वापरायचा टू-के पीयू (दोन घटकांचा पॉलियुरेथेन) क्लिअर घ्या. हार्डनरमुळे त्याचे रासायनिक जाळे तयार होते आणि ते इंधनाने सुटत नाही. लाकडाचा दोन डब्यांचा पीयूही इंधनाला चांगला टिकतो, पण त्यातले काही प्रकार उन्हात पिवळे पडतात. पांढऱ्या विमानावर ते लगेच डोळ्यांत भरते.

प्रमाण डब्यावर असेल तेच पाळा. कुठे २:१ असते, कुठे ४:१. नाक, टाकीचा कप्पा आणि पंखाचा मधला भाग एवढ्यासाठी २० मिलि क्लिअर आणि १० मिलि हार्डनर (२:१ असेल तर) पुरते. सुई काढलेल्या सिरिंजने मोजा, अंदाजाने ओतू नका. लवकर वाळावे म्हणून हार्डनर वाढवला तर कोट ठिसूळ होतो, कमी पडला तर आतून कायमचा मऊ राहतो. हार्डनर त्याच कंपनीचा घ्या आणि लहान डबा घ्या. उघडलेला हार्डनर हवेतली ओल ओढतो. तो गढूळ दिसू लागला की टाकून द्यावा.

हार्डनरमधला आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहे, आणि धुळीचा साधा मास्क तो अडवत नाही. म्हणून घरी स्प्रे करू नका. मोकळ्या हवेत, नायट्राइल हातमोजे घालून मऊ ब्रशने दोन पातळ हात द्या. स्प्रेच हवा असेल तर बूथ असलेल्या गाडीच्या पेंटरकडून मारून घ्या.

विमानाला लावण्याआधी बाल्साच्या (मॉडेलच्या हलक्या लाकडाच्या) तुकड्यावर तुमचाच रंग आणि वर हा क्लिअर लावून सात दिवस ठेवा. मग तुमच्याच इंधनात भिजवलेला कापूस त्यावर १५ मिनिटे ठेवून नखाने घासा. कापसाला रंग लागला, पृष्ठभाग पांढुरका झाला किंवा नख रुतले, तर तो क्लिअर तुमच्या इंधनासाठी नाही.

प्रश्न : पूर्ण विमानाला क्लिअर द्यावा का?

उत्तर : गरज नाही. सुकलेला ५० मायक्रॉनचा थर एका चौरस मीटरला साधारण ५५ ग्रॅम भरतो. ट्रेनरचे सगळे पृष्ठभाग मिळून दीड चौरस मीटर धरले तर ८० ग्रॅमच्या वर वजन वाढले. त्यातही शेपटीकडचे वजन महाग पडते, कारण तिथल्या १० ग्रॅमची भरपाई करायला नाकात त्याच्या दुपटी-तिपटीने शिसे घालावे लागते. धूर आणि तेल जिथे जाते तेवढाच भाग करा. फायरवॉल (इंजिन बसते ती आडवी फळी) आणि टाकीच्या कप्प्याच्या आतून मात्र ३० मिनिटांच्या इपॉक्सीचा पातळ हात हवाच. तिथे उघडे लाकूड राहिले की बाहेरचा कोट कितीही चांगला असो, तेल आतून मुरते.

प्रश्न : आमच्या गल्लीत टॉवेलचे माग आहेत. ओल्या क्लिअरवर कापसाचे तंतू बसतात. शिवाय उन्हाळ्यात ब्रशच्या रेघा राहतात. (एक वाचक, अशोक चौक परिसर)

उत्तर : माग बंद असतील त्या दिवशी, पहाटे काम करा. आधी फरशीवर पाणी शिंपडा, पंखा बंद ठेवा आणि कोट दिल्यावर मॉडेलवर मोठे खोके पालथे घाला. खोके मॉडेलला टेकता कामा नये. बसलेला तंतू ओल्यात उचलायला जाऊ नका. दुसऱ्या दिवशी १००० नंबरच्या वॉटर पेपरने तेवढाच घासा. रेघा राहतात त्या उष्णतेमुळे. चाळिशीपार गेलेल्या दुपारी क्लिअर पसरण्याआधीच सुकू लागतो, तेव्हा स्लो (सावकाश उडणारा) थिनर मागा. सप्टेंबरच्या पावसात अडचण उलटी असते. ओल आणि हार्डनर यांच्यात कार्बन डायऑक्साइड तयार होऊन बारीक फुगे येतात. कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबलेले बरे.

प्रश्न : ऑइल पेंटवर टू-के लावताच सुरकुत्या पडल्या.

उत्तर : खालचा इनॅमल (ऑइल पेंट) वरून कोरडा आणि आतून ओला होता, क्लिअरच्या थिनरने तो उचलला. इनॅमलला किमान तीन आठवडे द्या, ६०० नंबरने हलके घासा आणि पहिला हात अगदी पातळ द्या. सुरकुतलेला भाग खरवडूनच काढावा लागेल.

प्रश्न : मॉडेलवर इस्त्रीने चिकटवायच्या फिल्मवर क्लिअर लागतो का?

उत्तर : पॉलिस्टर फिल्म स्वतःच इंधनाला टिकते. इंधन शिरते ते तिच्या कडांखालून. सांध्यावर ५ मिमी रुंद पट्टी बारीक घासून, स्पिरिटने पुसून तेवढाच क्लिअर लावा. इंकजेटवर छापलेल्या स्टिकरवर मात्र पूर्ण झाकेल असा हात द्या, नाहीतर शाई पसरेल.

प्रश्न : जुन्या मॉडेलवर क्लिअर ठिकठिकाणी फाकतो, गोल खड्डे पडतात.

उत्तर : खाली इंधनातले एरंडेल मुरलेले आहे किंवा सिलिकॉनचे पॉलिश लागलेले आहे. लाकडावर थिनर लावून लगेच टाल्कम पावडर दाबून बसवा, वाळल्यावर झटका. पावडर पिवळी येईनाशी होईपर्यंत हे करत राहा, त्यानंतरच क्लिअरचा डबा उघडा.