विकायची तर अखंड विक

चिरंजीव,

सप्रेम आशीर्वाद. गिरगावातली चाळ पुनर्विकासाला जाणार, भाड्याच्या खोलीत हार्मोनियमची पेटी मावणार नाही आणि संग्राहकाकडून मिळणाऱ्या रकमेत धाकट्या बहिणीची फी भागेल, हे सारे तुझ्या पत्रावरून कळले. गरजेपोटी वाद्ये विकलेले उत्तम वादक मी पाहिले आहेत, त्यामुळे विकण्याला माझी हरकत नाही. मात्र मास्तरांची पेटी विकायची तर अखंड विक.

झिजलेल्या खोक्याला इतके पैसे कोणी का द्यावेत, असे तू विचारतोस. अरे, पैसे सुरांचे, म्हणजे आतल्या वाजणाऱ्या पितळी जिभांचे आहेत! पॅरिसमध्ये बनलेल्या जुन्या सुरांना आजही मागणी आहे आणि ते काढून नव्या पेटीत बसवणे हा बाजारातला नेहमीचा व्यवहार आहे. एकदा पेटी उघडून ते सूर उजेडात नीट पाहा. सूर चढवायचा तर पितळी जिभेच्या टोकाशी घासतात, उतरवायचा तर मुळाशी. त्या बारीक रेघा तुला दिसतील. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला साथीलाही बसू दिले नाही, त्या काळातही मास्तर मैफलींमागून मैफली याच पेटीवर वाजवत होते आणि गंधार-धैवत आपल्या कानाला पटेपर्यंत घासून घेत होते. सूर दुसऱ्या खोक्यात गेले की नव्या मालकाच्या पट्टीला पुन्हा घासले जातील. मग मास्तरांचे काय उरले?

सूर वेगळे केले तरी बिघडत नाही, हे पटवायला तो संग्राहक तुला ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या ‘ब्लॅकी’ गिटारचे उदाहरण देतो, कारण ती गिटार 2004 च्या लिलावात साडेनऊ लाख डॉलरच्या वर गेली. तीसुद्धा तीन गिटारींचे भाग जोडून केलेली होती, हे त्याचे म्हणणे खरे आहे. पण ते भाग निवडून गिटार जुळवून घेतली ती खुद्द क्लॅप्टनने, दुकानदाराने नव्हे. एवढा फरक तुला कळायला हवा होता. आणखी एक, पेटी शंभर वर्षांपूर्वीची निघाली तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, तेव्हा त्याच्या परदेशी गिऱ्हाइकाच्या गोष्टींना भुलू नकोस.

माझ्या गुरुजींच्या दुसऱ्या शिष्याकडची पेटी अशीच सुट्या भागांनी गेली. सूर एकाने नेले, रिकामे खोके पुढे एका हॉटेलात शोभेला ठेवलेले मी पाहिले, आणि त्यानंतर माझ्याकडची पेटी कोणी मागितली तरी मी विषय वाढू देत नाही. दादरच्या आमच्या दोन खोल्यांत तिने दिवाणाची जागा अडवली आहे, सूनबाई मला हेकट म्हणते, आणि म्हणू दे. पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात तेव्हा त्या मोकळ्या करायला मीच बसतो. तुझ्या घरी हे करणारे कोणी नाही, म्हणून विक म्हणतो. पण अखंड.

सूर काढणार नाही, हे त्या गृहस्थांकडून मास्तरांच्या नावानिशी लेखी घे. त्याआधी प्रत्येक सुराचे आणि मास्तर पेटी वाजवताना दिसतात त्या जुन्या छायाचित्राचे फोटो काढून ठेव. लिहून द्यायला ते कां कूं करू लागले, तर रक्कम कितीही वाढवोत, बयाणा घेऊ नकोस. फीचे आपण दोघे मिळून पाहू. त्यांचे उत्तर आले की कळव.