फुल-फ्रेम घेताना आधी लेन्सचा हिशेब

प्रश्न : माझ्याकडे निकॉन डी७५०० हा कॅमेरा असून त्यासोबत १८-१४० मिमीची झूम, ३५ मिमी एफ/१.८ ही डीएक्स (लहान सेन्सरसाठीची) प्राइम (झूम न होणारी) आणि २००-५०० मिमी एफ/५.६ अशा तीन लेन्स आहेत. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला पक्ष्यांचे आणि एरवी हौशी नाट्यस्पर्धांमधील प्रयोगांचे फोटो मी काढतो. नाटकाच्या मंद प्रकाशातील फोटो फार दाणेदार येतात. त्यामुळे हे सगळे विकून निकॉनच्या मिररलेस झेड६ मालिकेतील फुल-फ्रेम बॉडी आणि २४-१२० मिमी एफ/४ ही एकच लेन्स घ्यावी, असा विचार आहे. तो योग्य आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बॉडीबद्दलचा तुमचा तर्क बरोबर आहे, पण तिच्यासोबत निवडलेली लेन्स तो फोल ठरवू शकते.

फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा असतो, तर तुमच्या डी७५००चा सुमारे २३.५ × १५.७ मिमीचा आहे. क्षेत्रफळ जवळजवळ २.३ पट असल्यामुळे तीच चौकट, तेच अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र; एफचा आकडा जितका मोठा, तितके ते लहान) आणि तोच शटर स्पीड ठेवला, तर मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाशही तितकाच जास्त जमा होतो. हा फायदा सव्वा स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जवळपास आहे, म्हणजे आज ३२०० आयएसओला (संवेदनशीलतेला) जेवढा नॉइज (दाणेदारपणा) दिसतो, साधारण तेवढा फुल-फ्रेमवर ७०००च्या पुढे गेल्यावर दिसेल.

या हिशेबात ‘तेच अ‍ॅपर्चर’ ही अट मात्र आहे, आणि तुमच्या बेतात नेमकी तीच मोडते. एफ/१.८ वरून एफ/४ वर आलात की सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पडणारा प्रकाश जवळजवळ एक पंचमांश उरतो. मोठ्या सेन्सरमुळे त्याची २.३ पट भरपाई झाली, तरी एकूण प्रकाश आजच्या निम्म्याहूनही थोडा कमीच राहतो. सेन्सरचा आकार आणि अ‍ॅपर्चर एकत्र धरले, तर डीएक्सवरील एफ/१.८ हे फुल-फ्रेमवरील एफ/२.७च्या बरोबरीचे आहे. त्यामुळे ३५ मिमीच्या जागी २४-१२० लावलीत, तर नव्या कॅमेऱ्यावरचे नाटकाचे फोटो आजच्यापेक्षा अधिक दाणेदार येण्याचीच शक्यता आहे. बॉडीतील स्थिरीकरण येथे उपयोगी पडणार नाही, कारण ते छायाचित्रकाराच्या हाताचे कंपन सावरते, रंगमंचावर वळणाऱ्या नटाचा हात थांबवत नाही. त्यासाठी १/२००च्या आसपासचा शटर स्पीड लागतो आणि तो उघड्या अ‍ॅपर्चरनेच मिळतो.

म्हणून आधी जुन्या फोटोंची माहिती उघडून तक्रारीचे फोटो कोणत्या लेन्सने काढले आहेत, ते पाहावे. ते १८-१४० ने लांबच्या टोकाला, एफ/५.६ वर काढलेले असतील, तर चित्र पालटते. डीएक्सवरील एफ/५.६ हे फुल-फ्रेमच्या भाषेत एफ/८ पेक्षाही मंद आहे आणि चौकट तीच मिळत असेल, तर तेथून एफ/४ वर येणे हा दोन स्टॉपचा खरा लाभ आहे. अर्थात प्रेक्षागृहाच्या मधल्या रांगांतून काढायचे असेल, तर या झूमपेक्षा ८५ मिमी एफ/१.८ ही लेन्स कितीतरी सरस ठरेल, असे माझे मत आहे.

त्यातही निकॉनची एएफ-एस ८५ मिमी एफ/१.८जी ही लेन्स फुल-फ्रेमसाठीच बनलेली आहे. ती आज तुमच्या डी७५०० वर १२८ मिमीसारखी चौकट देईल आणि उद्या झेड बॉडी आलीच, तर एफटीझेड अडॅप्टरवर (जुन्या निकॉन लेन्स झेड बॉडीला जोडणाऱ्या) ऑटोफोकससह चालेल. ती आधी घेऊन दोन-तीन प्रयोग काढून पाहावेत. त्यानंतरही समाधान झाले नाही, तरच बॉडीवर खर्च करावा. जुनी ८५ मिमी एफ/१.८डी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. ती तुमच्या आजच्या कॅमेऱ्यावर चालेल, पण तिचा फोकस बॉडीतील मोटरवर फिरतो आणि एफटीझेडमध्ये ती मोटर नाही.

आता पक्षी. २००-५०० ही लेन्स डी७५०० वर टोकाला ७५० मिमीइतकी चौकट देते आणि त्या चौकटीत तुम्हाला सुमारे २१ मेगापिक्सेल मिळतात. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर तेवढीच चौकट कापून घेतली, तर जेमतेम १० मेगापिक्सेल उरतात, आणि कापून टाकलेल्या भागावर पडलेला प्रकाश वाया जात असल्याने नॉइजचा फायदाही राहत नाही. आजच्याइतका तपशील हवा असेल, तर ४५ मेगापिक्सेलच्या बॉडीकडे वळावे लागेल आणि खर्चाचे गणित पार बदलेल. पाण्यात लांबवर बसलेल्या बदकांसाठी डी७५०० आणि २००-५०० ही जोडी विकू नका. झेड बॉडी आल्यानंतर विकायच्या असतील, तर त्या १८-१४० आणि ३५ मिमी या दोन लेन्स आहेत. डीएक्स लेन्स लावल्यावर झेड६ आपोआप लहान चौकटीवर जातो, त्यामुळे तेथे त्यांचा उपयोग थोडाच.

प्रश्न : माझा कॅमेरा कॅनन ८०डी आहे. ईएफ-एस १०-१८, ईएफ-एस १७-५५ एफ/२.८ आणि ईएफ ५० एफ/१.८ या लेन्स फुल-फ्रेमवर चालतील का? नसतील, तर महागडी २४-७० एफ/२.८ घ्यावीच लागेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : लेन्सच्या माउंटवरील (बॉडीला बसणाऱ्या कडीवरील) खूण पाहावी. लाल ठिपका असलेली ईएफ लेन्स फुल-फ्रेमवर पूर्ण चालते. पांढरा चौकोन असलेली, लहान सेन्सरसाठीची ईएफ-एस लेन्स ६डीसारख्या आरसा असलेल्या फुल-फ्रेम बॉडीवर बसतच नाही. आर मालिकेच्या मिररलेस बॉडीवर ती अडॅप्टरने बसते, पण तेथे कॅमेरा मधला भागच वापरतो. २० मेगापिक्सेलच्या आर६ वर त्यातून आठ मेगापिक्सेलसुद्धा मिळत नाहीत. थोडक्यात, तुमच्यापैकी फक्त ५० मिमी पुढे येईल, आणि तिची चौकट आजच्यापेक्षा बरीच रुंद वाटेल.

दुसऱ्या शंकेचे उत्तर दिलासा देणारे आहे. कॅननच्या लहान सेन्सरचा गुणक १.६ असल्यामुळे तुमची १७-५५ एफ/२.८ ही फुल-फ्रेमवरील २७-८८ मिमी एफ/४.५ इतके काम करते, चौकटीच्या, नॉइजच्या आणि पार्श्वभूमीच्या धूसरपणाच्याही दृष्टीने. म्हणजे २४-१०५ एफ/४ ही तुलनेने स्वस्त लेन्ससुद्धा तिच्यापेक्षा किंचित पुढेच राहते. एफ/२.८ची झूम ज्याला लग्नसमारंभांची व्यावसायिक कामे घ्यायची आहेत त्याने घ्यावी. केवळ ‘आधी २.८ होती’ म्हणून पुन्हा २.८ घेण्याचे कारण नाही.

प्रश्न : नव्या फुल-फ्रेम लेन्स परवडत नाहीत. वापरलेल्या घेताना काय पाहावे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : किनारपट्टीवर पहिली तपासणी बुरशीची करावी. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून लेन्सच्या मागून टॉर्चचा प्रकाश टाकावा आणि समोरून तिरके पाहावे. धुळीचे चार कण दिसले, तर त्याने फोटोत फरक पडत नाही. मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा काचेवर सारखे धुके दिसले, तर किंमत कितीही कमी असली तरी लेन्स परत करावी, कारण बुरशीने कोटिंग खाल्ले असल्यास सफाईनंतरही डाग राहतात. मग झूमची व फोकसची कडी फिरवून ती अडखळते का, अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आले आहे का, हे पाहावे. शक्य असल्यास लेन्स आपल्या बॉडीवर लावून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून विटांच्या भिंतीचा समोरासमोर फोटो काढावा आणि चारही कोपरे मोठे करून ताडून पाहावेत. एकच कोपरा धूसर असेल, तर ती लेन्स कधीतरी पडलेली असण्याचा संभव आहे. घरी आणल्यावर ती चामड्याच्या पेटीत बंद ठेवू नये. ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारे ड्राय कॅबिनेट परवडत नसेल, तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक पुरतो. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतात.