अरुणाचलमधल्या झिरोच्या संगीत महोत्सवाला तंबूत राहायचंय. सजावट आणि लोकरीचे मोजे घरीच कसे करावेत?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरअखेर इंदूरहून तुम्ही चौघी झिरोला निघालात, हातात सहा आठवडे आहेत, तंबू घरच्या सामानाने सजवायचा आहे आणि आजवर मफलरच्या पुढे न गेलेल्या हातांनी चौघींचे मोजे विणायचे आहेत. दोन वर्षांपूर्वी मी, माझी भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी नेमक्या याच तयारीत होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

मोजे आधी घ्या, सजावट नंतर. सजावट तीन संध्याकाळी होते. मोज्यांचा एक जोड मात्र नवख्या हाताला दहा-बारा दिवस सहज घेतो. एकटीने चार जोड करायचं मनात असेल तर सहा आठवड्यांत एक दिवसही मोकळा मिळणार नाही. दोघींनी वाटून घ्या.

झिरोची थंडी आपल्या माळव्यासारखी नाही. आपली कोरडी, अंगावर शाल घेतली की भागतं. झिरो 1,500 मीटरहून उंच, चहूकडे चीडाचे डोंगर, मध्ये आपातानी लोकांची भातखाचरं, ज्यांच्या पाण्यात ते मासेही पाळतात. त्या दिवसांत पाऊस हमखास गाठतो, आणि मग तंबूच्या दारापासून बांबूच्या रंगमंचापर्यंत नुसता चिखल. दिवसभर गमबूट आणि त्यात साधे सुती मोजे. हाताने विणलेले मोजे तंबूबाहेर काढायचेच नाहीत. रात्री पाय पुसून कोरडे केले, मोजे चढवले आणि झोपण्याच्या पिशवीत शिरलं, एवढंच त्यांचं काम. भाचीने पहिल्याच दिवशी तिचे गमबुटात घातले, वरून पाणी शिरलं आणि ते तीन दिवस वाळले नाहीत. उरलेल्या रात्री ती माझा दुसरा जोड घालून झोपली. तेव्हापासून मी हा नियम सगळ्यांना सांगते.

लोकर खरी घ्या. आपल्याकडे कॅशमिलॉन, म्हणजे कृत्रिम लोकर, सर्रास मिळतं, रंगही सुरेख असतात, पण ते ओल शोषत नाही. घाम पायावरच राहतो आणि पाय गार पडतात. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. ऑगस्टमध्ये राजवाड्याच्या आसपास फिरले तेव्हा दुकानांत हिवाळ्याचा माल यायचा होता. एका दुकानदाराने मागच्या वर्षीचा गठ्ठा वरून काढून दिला. तुम्हीही असंच मागून पाहा आणि एका जोडाची लोकर एकाच लॉटची घ्या, नाहीतर डावा-उजवा वेगळा दिसतो. मध्यम जाडीची साधारण 100 ग्रॅम एका जोडाला पुरते. टाच आणि चवडा विणताना सोबत बारीक नायलॉनचा धागा चालवा, तिथेच मोजा आधी विरतो.

सुया 10 नंबरच्या, दोन्ही टोकांनी विणता येतील अशा चार. आधी चौकोनी नमुना विणून मोजा: 10 सेंटीमीटरमध्ये 24 टाके आले पाहिजेत. तेवढे आले तर 48 टाके घाला, तीन सुयांवर सोळा-सोळा. वेढा 20 सेंटीमीटर भरतो आणि 22 सेंटीमीटर घेराच्या पायाला घट्ट, न घसरणारा बसतो. मोजा पायापेक्षा थोडा लहानच हवा. वर पाच सेंटीमीटर दोन सुलट, दोन उलट, मग सरळ गोल विणत टाचेपर्यंत या.

टाचेपाशी बहुतेक जणी सोडून देतात, म्हणून तिथे थांबून सांगते. निम्मे, म्हणजे 24 टाके एका सुईवर घेऊन फक्त तेवढेच मागे-पुढे 24 ओळी विणा. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचला, कडेला साखळी दिसू लागेल. सुलट ओळीत एक टाका उचलायचा, एक विणायचा असं केलंत तर टाच दुहेरी जाड होते. आता वळण. 14 टाके सुलट, दोनाचा एक, आणखी एक सुलट, आणि काम उलटवा. उरलेले सात तसेच राहू द्या. उलट्या बाजूने एक उचला, पाच उलट, दोनाचा एक, एक उलट, पुन्हा उलटवा. मध्ये फट दिसेल. यापुढे दर ओळीला फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका एकत्र विणायचा, पुढे एक विणायचा, उलटवायचं. शेवटच्या दोन ओळींत पुढे विणायला टाका उरत नाही, तिथे नुसतं एकत्र करून उलटवा. सगळे संपले की 14 टाके उरतात आणि हातात छोटी वाटी तयार झालेली असते. ती पहिल्यांदा झाली तेव्हा मी रात्री साडेअकराला सगळ्या घराला उठवून दाखवली होती.

मग दोन्ही कडांच्या साखळीतून बारा-बारा टाके उचला, आणि कोपऱ्यात एकेक जास्तीचा, म्हणजे तिथे भोक पडत नाही. एकूण 64 होतील. एक फेरी सोडून दोन्ही बाजूंना एकेक कमी करत पुन्हा 48 वर या. पायाच्या लांबीला पाच सेंटीमीटर कमी असताना चवडा सुरू करा: एक फेरी सोडून चार टाके कमी, 16 उरले की आठ-आठ समोरासमोर ठेवून सुईने सांधा. धुवायचे रिठ्याच्या गार पाण्यात, न पिळता, आणि वाळवायचे सावलीत आडवे पसरून.

आता सजावट. आम्ही पहिल्यांदा घोटीव कागदाच्या पताका केल्या होत्या, गणपतीत करतो तशाच. पहिल्याच सरीत त्यांचा लगदा झाला आणि लाल रंगाचे ओघळ शेजारच्या मुलीच्या पांढऱ्या रेनकोटवर गेले. फार वाईट वाटलं. तिथे कागद नको. टिकला तो छत्रीच्या कापडाचा आकाशकंदील, आणि तुम्हीही तोच करावा असं मला मनापासून वाटतं.

जुन्या, काड्या मोडलेल्या छत्रीचं कापड शिवण उसवून काढा. बहुतेक छत्र्यांच्या आठ पाकळ्या निघतात, त्या पाण्याला दाद देत नाहीत. चार पाकळ्या एक सरळ, एक उलटी अशा जोडून 65 बाय 35 सेंटीमीटरची पट्टी कापा. भरतकामाच्या 20 सेंटीमीटरच्या दोन रिंगांत ती वर-खाली अडकवा, कड शिवा, खाली कापडाच्या झिरमिळ्या लावा. कंदील चपटा होऊन बॅगेत मावतो. आत छोटा सोलर किंवा बॅटरीचा दिवा. मेणबत्ती, पणती मुळीच नाही, तंबूचं नायलॉन क्षणात पेटतं. उरलेल्या चार पाकळ्या म्हणजे आयत्या त्रिकोणी पताका, नाड्यावर शिवून टाका. आम्ही त्यांच्यामध्ये महेश्वरी साडीच्या जुन्या काठाचे तुकडेही ओवले होते. ते दोनदा धुऊन रंग जात नाही याची खात्री केली होती.

कंदील बांबूला बांधून तंबूच्या डोक्यावर हातभर उंच लावा. अंधारात सगळे तंबू सारखे दिसतात. रात्री अकराला गाणं संपवून परतताना त्या उजेडाकडे बघत आम्ही न चुकता घरी यायचो, आणि दुसऱ्या दिवसापासून आजूबाजूची मुलं आमच्या कंदिलापासून डावीकडे-उजवीकडे असा आपला पत्ता सांगू लागली. तंबूच्या दोऱ्यांना रेडियमची पट्टी गुंडाळा, कोणी अडखळत नाही.

बाकी थोडक्यात. अरुणाचलसाठी इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांना राज्यात शिरायचा परवाना, लागतं, ते निघण्यापूर्वी ऑनलाइन काढा. गुवाहाटीहून नाहरलगुनपर्यंत रेल्वे आहे, पुढे सुमोने घाट. विमानाने गेलात तर सुया आणि कात्री चेक-इन सामानात. 2012 पासून चालत आलेला हा महोत्सव प्लास्टिक टाळतो, तेव्हा चमकी, फुगे, थर्माकोल नेऊ नका, आणि लावलेला प्रत्येक दोरा सोडून परत आणा. ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय आपल्याला घरीच लागलेली आहे. शेव दोन किलो न्या, आमची एक किलो दुसऱ्या संध्याकाळी संपली होती.

नमुन्याचा चौकोन आजच विणायला घ्या. 24 ऐवजी 26 टाके आले तर हात घट्ट आहे, सुई एक नंबर जाड, म्हणजे 9 ची घ्या आणि पुन्हा मोजा.