जेम्सचा तो पास चुकला होता का?

प्रश्न : अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल लीगच्या २०२० च्या अंतिम मालिकेतील पाचव्या सामन्यात लेकर्स संघ मायामी हीटविरुद्ध १०८-१०९ असा एका गुणाने मागे होता आणि काही सेकंदच उरले होते. अशा वेळी लेकर्सच्या लेब्रॉन जेम्सने स्वतः शॉट न घेता सहकारी डॅनी ग्रीनला पास दिला आणि ग्रीनचा नेम चुकला. त्या सामन्यात ४० गुण करणाऱ्या खेळाडूने ऐन मोक्याला जबाबदारी टाळली, असे म्हणावे का?

उत्तर : आमच्या मते नाही. जेम्स बास्केटच्या दिशेने घुसला तेव्हा हीटचे बचावपटू त्याच्याभोवती गोळा झाले आणि तीन गुणांच्या रेषेबाहेर, बास्केटच्या अगदी समोर, ग्रीन पूर्ण मोकळा राहिला. ग्रीन काही ऐरागैरा नेमबाज नव्हे. २०१३ च्या अंतिम मालिकेत सॅन अँटोनियोकडून खेळताना त्याने तीन गुणांचे २७ शॉट टाकून तेव्हाचा विक्रम केला होता, आणि तोही जेम्स ज्या संघात होता त्याच मायामीविरुद्ध.

आपल्या शंकेत तथ्य आहे ते निराळ्या ठिकाणी. एरवी लांबचा शॉट परवडतो, कारण तो कमी वेळा पडला तरी एक गुण जास्त देतो. पण एका गुणाने मागे असताना आणि घड्याळ संपत आले असताना त्या जादा गुणाला फारशी किंमत उरत नाही, केवळ शॉट पडण्याची शक्यता तेवढी महत्त्वाची ठरते. शिवाय जेम्स तसाच पुढे गेला असता तर फाउल होऊन फ्री थ्रो (बचावपटूंच्या अडथळ्याविना घ्यायचे शॉट) मिळण्याचीही आशा होती. तरीही गर्दीतून मारलेल्या शॉटपेक्षा मोकळ्या नेमबाजाचा शॉट आम्हाला सरस वाटतो. बचाव आत ओढला गेल्याने रिबाउंडही (चुकलेल्या शॉटचा उसळून आलेला चेंडू) लेकर्सच्याच मार्किफ मॉरिसला मिळाला, हे टीकाकार सहसा विसरतात. त्याने घाईने सहकारी अँथनी डेव्हिसकडे फेकलेला चेंडू मैदानाबाहेर गेला आणि हीटने सामना १११-१०८ असा जिंकला. दोष द्यायचाच असेल, तर आम्ही तो या दुसऱ्या पासला देऊ. (लेकर्सने पुढचाच सामना जिंकून विजेतेपद मिळवले.)

प्रश्न : मायकेल जॉर्डनने अशा वेळी पास दिला असता का?

उत्तर : दिला होता. १९९७ च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात शिकागो आणि युटा ८६-८६ असे बरोबरीत असताना, शिकागोकडून ३९ गुण केलेल्या जॉर्डनने सहकारी स्टीव्ह करला पास दिला. करचा शॉट पडला, शिकागोने सामना ९०-८६ असा जिंकला आणि विजेतेपदही मिळवले. फरक असलाच तर तयारीचा आहे. युटाचा जॉन स्टॉकटन करला सोडून आपल्यावर (जॉर्डनवर) धावून येईल, हे जॉर्डनने आधीच्या टाइम-आउटमध्येच करला बजावले होते.