कॅरिबियन क्रूझवर जहाज कुठेच थांबत नाही, ते दिवस आम्ही दोघांनी कसे घालवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून दोघंच निघणार, दोघंही साठीच्या आसपास, फेब्रुवारीत मायामीहून सात रात्रींची पूर्व कॅरिबियन क्रूझ. पहिले दोन दिवस आणि परतीचा एक, असे तीन दिवस नुसता समुद्र. कंटाळा येईल का, आणि इथून काय तयारी करून निघावं?

कंटाळ्याची काळजी सोडा, गर्दीची करा. बंदराच्या दिवशी निम्म्याहून जास्त लोक बेटावर उतरतात आणि जहाज मोकळं होतं. समुद्राच्या दिवशी कोणीच कुठे जात नाही. आयकॉन ऑफ द सीज हे मायामीहून सुटणारं जहाज घेतलं, तर एका केबिनमध्ये दोघे धरून त्यावर ५,६१० प्रवासी होतात. एवढी माणसं एकाच वेळी नाश्त्याला, पोहण्याच्या तलावाला आणि लिफ्टला येतात. म्हणून सगळ्या सल्ल्याचं सार एकच आहे, गर्दीच्या उलट्या वेळा धरा. नाश्ता साडेसातच्या आत किंवा थेट दहा वाजता. तलाव सकाळी नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. बुफेचं जेवण बारा ते दीड सोडून कधीही. त्याच वेळी मोठ्या डायनिंग हॉलमध्ये दुपारचं जेवण बसून वाढतात, तिकडे निम्मीसुद्धा झुंबड नसते आणि पैसेही वेगळे लागत नाहीत. हॉल दुपारी बहुधा समुद्राच्या दिवशीच उघडतो, तेव्हा संधी सोडू नका.

आरामखुर्च्यांचं प्रकरण तुम्हाला लगेच कळेल. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली पद्धत तिथेही आहे, फक्त रुमालाच्या जागी जहाजाचा टॉवेल. आठ वाजता टॉवेल टाकून माणूस अकराला उगवतो. अर्धा-पाऊण तास खुर्ची रिकामी राहिली तर टॉवेल उचलायचा, असा नियम बहुतेक जहाजांवर लिहिलेला असतो. तो तुम्ही उचलू नका, तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा. त्यापेक्षा मुख्य तलावाचा नादच सोडा. फक्त प्रौढांसाठी राखलेला भाग असतो, तो पाहा. नाहीतर खालच्या, चौथ्या-पाचव्या मजल्याच्या आसपास, जहाजाच्या कडेने फिरणारा उघडा डेक असतो. तिथे गाणी नाहीत, स्पर्धा नाहीत, आणि पाणी इतकं जवळ की लाटांचा आवाज येतो. माझ्या मते जहाजावरची सगळ्यात चांगली जागा हीच, आणि बरेच लोक तिथे एकदाही जात नाहीत.

बसायचं कोणत्या बाजूला, हे आधी ठरवता येतं. मायामीहून सेंट मार्टिन किंवा सेंट थॉमस बेटाकडे जहाज आग्नेय-पूर्वेला जातं. फेब्रुवारीत सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे जाताना ऊन जहाजाच्या उजव्या बाजूवर आणि सावली डावीकडे. परतताना बरोबर उलटं. सूर्यास्त जाताना उजवीकडे, मागच्या अंगाला दिसेल आणि येताना डावीकडे, पुढच्या अंगाला. बाल्कनीची केबिन घेताना एजंटला हे विचारलंत तर तो गोंधळेल, पण दुपारी बाल्कनीत वाचत बसायचं की सूर्यास्त पाहायचा, त्यावरून बाजू तुम्हीच ठरवू शकता.

वाऱ्याचा हिशोबही करून ठेवा. जहाज साधारण १८ नॉटने, म्हणजे ताशी ३३ किलोमीटरने चालतं. समोरून व्यापारी वारे, म्हणजे तिथे पूर्वेकडून सतत वाहणारे वारे, १५ नॉटने, म्हणजे ताशी २८ किलोमीटरने आले, तर वरच्या डेकवर तुम्हाला ताशी साठचा वारा लागतो. बंगळूर हायवेवर स्कूटर चालवताना लागतो तेवढा. टोपीला बंद हवा, पातळ विंडचीटर हवा आणि साडी असेल तर पिना हव्यात. गंमत म्हणजे या वाऱ्यामुळे ऊन लागतंय हे कळतच नाही. सेंट थॉमस आणि पुणे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, १८ अंश उत्तरेच्या थोडं वर. म्हणजे दुपारचा सूर्य आपल्या फेब्रुवारीइतकाच उंच, वर पाण्यावरून परावर्तन, आणि गार वाऱ्यामुळे कातडी भाजल्याचं संध्याकाळी आरशात कळणार. सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा. ते झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं घ्या, कारण सेंट थॉमस ज्या अमेरिकन व्हर्जिन बेटांमध्ये येतं, तिथे ऑक्सिबेंझोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रिलिन असलेल्या सनस्क्रीनवर २०२० पासून बंदी आहे. प्रवाळांना त्यांचा त्रास होतो.

आता जहाज लागण्याबद्दल. मायामी सोडल्यावर पहिल्याच रात्री गल्फ स्ट्रीम ओलांडावा लागतो. हा प्रवाह उत्तरेकडे वाहतो, आणि हिवाळ्यात उत्तरेचा थंड वारा सुटला की वारा आणि प्रवाह समोरासमोर येऊन लाटा आखूड आणि उभ्या होतात. पुढे दोन दिवस व्यापारी वाऱ्यांच्या लाटा समोरून येतात. जहाजाला पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डावी-उजवी डोलणं कमी करतात, पण नाक वर-खाली होणं त्यांना थांबवता येत नाही. म्हणून पुढच्या टोकाची केबिन नको. मध्यभागी आणि शक्य तितकी खालची घ्या. नकाशात केबिनच्या वर काय आणि खाली काय तेही पाहा. डोक्यावर तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. कंपनी देईल ती केबिन, अशा स्वस्तातल्या योजनेत जागा निवडता येत नाही, तेव्हा तुमच्यासाठी ती नको.

गोळी घ्यायची तर उलटी आल्यावर घेऊन उपयोग नाही. आपल्याकडची अॅव्होमिन झोप आणते, म्हणून ती आदल्या रात्री झोपताना सोयीची पडते. मात्र काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा आधीपासून झोपेच्या, मनाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि ती घेऊन वर मद्य तर अजिबात नको. मळमळायला लागलं की केबिनमध्ये आडवं व्हायची इच्छा होते. त्याऐवजी मधल्या भागात उघड्यावर या, क्षितिजाकडे बघत बसा, आलेपाक चघळा, कोरडी बिस्किटं खा. रिकाम्या पोटी त्रास वाढतो. समुद्र खवळला असेल तेव्हा एक हात कायम कठड्यावर ठेवा, आणि बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं दार उघडू नका. दोन्हीकडून हवा आरपार जाते आणि जड दार इतक्या जोरात आपटतं की चौकटीवर ठेवलेलं बोट सापडतं.

जेवणाचं शाकाहाऱ्यांसाठी फारसं अवघड नाही, पण सांगावं लागतं. बुकिंग करतानाच लेखी कळवा, जैन किंवा कांदा-लसूण वर्ज्य असेल तर हमखास. पहिल्या रात्री डायनिंग हॉलमधल्या हेड वेटरला भेटून भारतीय शाकाहारी हवं असं सांगितलं की उद्याची सोय आजच होते. ऐनवेळी मागितलं तर पास्ता मिळेल. कर्मचाऱ्यांमध्ये गोवा-मुंबईकडची मुलं पुष्कळ असतात, त्यांच्याशी दोन शब्द बोललात तर मेनूत नसलेली हिरवी मिरचीही ताटात येते. दोघांचंच टेबल हवं असेल तर तेही आधी मागा, नाहीतर आठजणांच्या टेबलावर बसवतील. ते आवडणारेही असतात म्हणा. नटूनथटून जेवायची रात्र बहुधा पहिल्या समुद्राच्या दिवशीच येते. काठपदराची साडी आणि कुर्ता-जॅकेट चालतं, टाय शोधत बसू नका.

चहाची मात्र पंचाईत आहे. अमेरिकन जहाजांवर केबिनमध्ये किटली नसते, आणि तुम्ही नेलेली किटली, इस्त्री किंवा पाण्यात टाकायची गरम कांडी चढतानाच तपासणीत काढून घेतात. आगीच्या भीतीमुळे सर्ज प्रोटेक्टरवाली एक्स्टेंशनही चालत नाही. तेव्हा साखर घातलेली चहाची प्रीमिक्स पाकिटं न्या, गरम पाणी बुफेत मिळतं. बाकरवडी, चिवडा बंद पाकिटातलाच न्या, आणि अमेरिकेत उतरताना खाण्याच्या वस्तू आहेत असं कस्टम्सला सांगून टाका. सांगून काही बिघडत नाही, लपवल्याबद्दल दंड होतो.

बाथरूमबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. हातातला स्प्रे नसतो. दाबायची प्लॅस्टिकची बाटली मिळते ती किंवा छोटा मग न्या. टॉयलेट व्हॅक्यूमवर चालतं, त्यात जहाजाच्या कागदाशिवाय काही टाकायचं नाही. एक ओला वाइप अडकला तर शेजारच्या केबिनीही बंद पडतात. शॉवरमध्ये ओढायची दोरी असते, कपडे तिथेच वाळवा. बाल्कनीच्या कठड्यावर टाकलेला पंचा समुद्राला मिळतो. केबिनच्या भिंती लोखंडी पत्र्याच्या असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे चार हुक नेलेत तर टोप्या, पिशव्या, ओळखपत्र सगळं भिंतीवर जातं. दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांच्या खोलीत याचं मोल फार. नळाचं पाणी पिण्यालायक असतं, बाटल्या विकत घेऊ नका. आणि जेवणाआधी हात साबणानेच धुवा, कारण जहाजावर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसा चालत नाही.

फोन जहाज सुटण्याआधीच फ्लाइट मोडवर टाका. खोल समुद्रात तो आपोआप जहाजाच्या मोबाईल नेटवर्कला चिकटतो आणि बिल पाहून घाम फुटतो. वायफायचं पॅकेज चढण्याआधी ऑनलाइन घेतलं की स्वस्त पडतं, आणि एकाच उपकरणाचं घेऊन दोघांनी आळीपाळीने लॉगिन केलं तरी भागतं. खरी अडचण बँकेच्या ओटीपीची आहे. फ्लाइट मोडवर एसएमएसचा भरवसा नाही. निघण्याआधी ओटीपी ईमेलवर येण्याची सोय बँकेकडून करून घ्या, आणि विजेचं बिल, सोसायटीचा मेंटेनन्स त्या आठवड्यात भरायचा ठेवू नका. घरी फोन करायचा तर फेब्रुवारीत पुणं मायामीच्या साडेदहा तास पुढे असतं, म्हणजे सकाळी आठला केलात तर इथे संध्याकाळचे साडेसहा. सेंट मार्टिन मायामीच्या एक तास पुढे. काही जहाजं वाटेत रात्री घड्याळ पुढे करतात, काही मायामीचीच वेळ ठेवतात. केबिनमध्ये येणाऱ्या रोजच्या पत्रकात ते असतं, आणि बेटावर फोन काहीही दाखवो, परतायचं ते जहाजाच्या वेळेला.

पैशांत दोन जागी माणूस फसतो. जहाजावर सगळं केबिनच्या कार्डावर लिहिलं जातं आणि त्यासाठी तुमच्या बँक कार्डावर रक्कम अडकवून ठेवतात. फॉरेक्स कार्ड दिलंत तर तेवढे डॉलर कित्येक दिवस वापरता येत नाहीत. क्रेडिट कार्ड द्या, किंवा काउंटरवर रोख ठेव भरा. दुसरं म्हणजे मद्याचं पॅकेज. एका केबिनमधले दोघंही प्रौढ असतील तर बऱ्याच कंपन्या दोघांनाही ते घ्यायला लावतात. रोज पाच-सहा पेले होत असतील तरच ते वसूल होतं. तुमच्यापैकी एकजण घेत नसेल, तर सुटे पेले घ्या, प्रत्येकावर १८ ते २० टक्के सेवाशुल्क लागतं हे धरून. शिवाय माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर टिप वेगळी, ती शक्यतो आधीच भरा. दुकानं आणि कॅसिनो बंदरात बंद असतात, त्यामुळे समुद्राच्या दिवशीच घड्याळांचे सेल, चित्रांचे लिलाव, पाठदुखीवरची मोफत व्याख्यानं यांचा सुकाळ. व्याख्यान ऐका, सही करू नका. मालिश हवं असेल तर बंदराच्या दिवशी स्वस्त मिळतं.

बाकी, वेळ काढून पाहण्यासारखं समुद्रातच आहे. सकाळी खालच्या डेकवर पुढच्या बाजूला उभे राहिलात तर जहाजाच्या लाटेतून उडणारे मासे बाहेर फेकल्यासारखे निघतात आणि तपकिरी बूबी पक्षी त्यांच्यावर झेपावतात. दुर्बीण असेल तर न्या. प्वेर्तो रिकोच्या उत्तरेला अटलांटिकमधली सगळ्यात खोल जागा आहे, आठ किलोमीटरहून अधिक. रात्री नऊच्या सुमाराला दिवे कमी असलेला कोपरा शोधा. अक्षांश पुण्याचाच, त्यामुळे आकाश ओळखीचं: डोक्याजवळ मृग, त्याच्या मागे व्याध, आणि जाताना उजव्या बाजूला क्षितिजाच्या थोडं वर अगस्त्य. सिंहगडावरून दिसतो तोच, फक्त खाली शहराचा उजेड नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. रोजची औषधं, पासपोर्ट आणि सकाळी घालायचे कपडे त्यात जाणार नाहीत एवढं पाहा. दरवेळी कोणीतरी नाइट ड्रेसवरच उतरतं.