नियम पाठ आहेत, पण पाय थांबत नाहीत: लहान मुलांच्या सुरक्षिततेची प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझी ४ वर्षांची मुलगी सगळे नियम घडाघड म्हणून दाखवते. ‘रस्त्यावर धावायचं नाही’ हेही तिला पाठ आहे. तरी चेंडू रस्त्याकडे गेला की ती मागे धावतेच. माझं शिकवण्यात काय चुकतंय?

नियम सांगता येणं आणि ऐन वेळी तो पाळता येणं, ही या वयात दोन वेगळी कामं असतात. चेंडू घरंगळला की तिचं सगळं लक्ष चेंडूवर जातं. तशा वेळी स्वतःला आवरण्याची ताकद अजून तिच्यात पुरती आलेली नसते. शिवाय ‘धावायचं नाही’ या नियमातून धावण्याऐवजी काय करायचं ते तिला कळत नाही. म्हणून नियम कृतीत सांगा : ‘कडेला आलं की पाय थांबवायचे आणि मोठ्यांना हाक मारायची.’

हे आधी स्वतः करून दाखवा, मग तिच्याकडून करून घ्या आणि जे बरोबर जमलं ते लगेच नेमकं बोलून दाखवा. ‘शहाणी माझी’पेक्षा ‘रेषेवर बरोबर थांबलीस’ हे तिला जास्त शिकवतं. अंगणात किंवा मैदानात खडूने रेष आखा आणि चेंडू मुद्दाम रेषेपलीकडे जाऊ द्या. एका वेळी पाच मिनिटं पुरतात, पण दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा. एकदाच शिकवलेलं टिकत नाही.

सराव कितीही छान झाला, तरी रस्त्यावर हात सोडू नका. येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा मुलांचा अंदाज साधारण ९-१० वर्षांपर्यंत भरवशाचा नसतो. धरायचं ते मनगट, कारण बोटं निसटतात.

प्रश्न : दीड वर्षाच्या मुलाच्या खेळण्यातला बटणाएवढा सेल सापडत नव्हता. शेवटी गादीखाली मिळाला. पण त्याने तो गिळलाच असता, तर शौचातून पडण्याची वाट पाहिली असती तरी चाललं असतं ना?

नाही. मुलाला काही त्रास होत नसला, गिळल्याची नुसती शंका असली, तरी वाट पाहू नये. सेल अन्ननलिकेत अडकला की तिथल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते आणि सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली, म्हणजे अंग जाळणारा क्षार, तयार होते. २ तासांत खोल जखम होऊ शकते. त्यासाठी सेल फुटावा किंवा गळावा लागत नाही. खेळणं चालवू न शकणाऱ्या ‘संपलेल्या’ सेलमध्येही एवढं करण्याइतकी वीज उरलेली असते. सर्वांत घातक म्हणजे सुमारे २० मिलिमीटर व्यासाचे, ३ व्होल्टचे लिथियम सेल. लहान मुलाच्या अन्ननलिकेत ते सहज अडकतात.

लाळ गळणं, खायला नकार, खोकला, छातीला हात लावून रडणं ही लक्षणं दिसतील किंवा काहीच दिसणार नाही. एक्स-रे आणि एंडोस्कोपीची (तोंडातून दुर्बिणीची नळी घालून सेल काढण्याची) सोय असलेलं रुग्णालय ताबडतोब गाठा. तसाच दुसरा सेल किंवा त्याचं पाकीट असेल तर सोबत न्या, त्यावरच्या क्रमांकावरून सेलचा प्रकार कळतो. उलटी करवू नका, काही खायला देऊ नका.

अपवाद मधाचा. मूल १ वर्षापेक्षा मोठं असेल, त्याला नीट गिळता येत असेल आणि सेल गिळून १२ तास झाले नसतील, तर वाटेत दर १० मिनिटांनी १० मिलिलिटर, म्हणजे दोन चहाचे चमचे, मध द्यावा; जास्तीत जास्त सहा वेळा. मधामुळे जखम वाढण्याचा वेग कमी होतो, पण तो उपचार नव्हे. मध शोधण्यात एक मिनिटही घालवू नका. १ वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच नको.

आता घरातल्या वस्तू तपासा : रिमोट, वजनकाटा, गाडीची किल्ली, उघडताच गाणं वाजणारं शुभेच्छापत्र. झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर ती वस्तू मुलाच्या हाती देऊ नका. काढलेल्या सेलला लगेच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा. खेळण्यांतल्या छोट्या शक्तिशाली चुंबकांबाबतही अशीच काळजी घ्या. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधली आतडी चिमटून तिला भोक पडू शकतं.

प्रश्न : अंघोळीच्या वेळी दाराची बेल वाजली, तर ७ वर्षांच्या मुलाला धाकटीजवळ ठेवून दोन मिनिटं जाते. ती वर्षाची आहे. चालेल ना?

चालणार नाही. तिला टॉवेलात गुंडाळून सोबत न्या, बेल वाजत राहिली तरी चालेल. एवढ्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. ते बादलीत वाकलं की त्याला पुन्हा वर येता येत नाही आणि तोंड पाण्यात असल्यामुळे आवाजही होत नाही. ५ सेंटिमीटर पाणीही पुरतं. ७ वर्षांच्या मुलावर ही जबाबदारी टाकणं त्याच्यावरही अन्याय आहे. अंघोळ झाली की बादली रिकामी करून उपडी ठेवा. पाणी घेताना आधी गार, मग गरम, आणि कोपर बुडवून पाहा.

प्रश्न : भाजल्यावर टूथपेस्ट लावावी की बर्फ?

दोन्ही नको. वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा, घड्याळ लावून. आधी कपडा, बांगडी काढा, पण कातडीला चिकटलेलं ओढू नका. बाकीचं अंग उबदार ठेवा. लहान मूल असेल किंवा चेहरा, हात, सांधे भाजले असतील, तर पाणी लावून झाल्यावर डॉक्टरांना दाखवाच.

प्रश्न : सासूबाईंच्या गोळ्या उशाशीच असतात. मुलगा २ वर्षांचा आहे. त्यांना न दुखवता कसं सांगू?

चूक दाखवू नका, जागा बदलायला मदत मागा. ‘आई, हा डबा याच्या हाताला लागणार नाही, पण तुम्हाला चटकन मिळेल अशी जागा कुठली?’ असं विचारा आणि त्या सांगतील तिथे त्याच दिवशी फळी किंवा कडी लावून द्या. गैरसोयीची जागा आठवडाभरही टिकत नाही. क्रमही ठरवा : गोळी काढली की आधी डबा जागेवर, मग गोळी तोंडात.

हे एवढ्या आग्रहाने सांगायचं कारण म्हणजे मधुमेहाच्या आणि हृदयाच्या काही औषधांची एक-दोन गोळ्यांची मात्राही या वयात जीवघेणी ठरू शकते. मूल औषध घेत नसलं, तरी त्याला ‘गोड गोळी’ म्हणून फसवू नका. त्याने चुकून काही गिळलंच, तर उलटी करवू नका. पाकीट घेऊन रुग्णालयात जा.

प्रश्न : ५ वर्षांच्या मुलीला अनोळखी माणसांबद्दल काय सांगावं?

‘अनोळखी’पासून सुरुवात करू नका. दोनदा हसून बोललेला माणूस मुलांच्या लेखी ओळखीचा होतो, आणि मुलांशी गैरवर्तन करणारे बहुतेक वेळा घराच्या परिचयातलेच असतात. म्हणून माणसावर नव्हे, वागण्यावर बोट ठेवा. कोणाहीबरोबर कुठेही जाण्याआधी तिने तुम्हाला विचारायचं. शेजारचे काका असले तरी. शरीराच्या सगळ्या अवयवांची खरी नावं तिला शिकवा, म्हणजे काही झालं तर तिला ते सांगता येईल. आई-बाबांपासून लपवायला कोणी सांगितलं तर ते घरी लगेच सांगायचं. नको असेल तर पापी द्यायची नाही, आजोबांनाही नाही. आणि तिथे तुम्ही तिची बाजू घ्यायची.

तिने काही सांगितलंच, तर ऐकून घ्या, ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा, पण पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. तिला त्या माणसापासून लगेच दूर ठेवा आणि जाणकारांची मदत घ्या.

गर्दीत हरवली तर जिथे आहे तिथेच थांबायचं आणि लहान मूल सोबत असलेल्या बाईला किंवा काउंटरवरच्या माणसाला सांगायचं. बाजारात गेल्यावर ‘समजा आत्ता मी दिसेनाशी झाले, तर कोणाला सांगशील?’ असं विचारा आणि तिला बोटाने दाखवू द्या. तुमचं पूर्ण नाव आणि एक फोन नंबर चालीवर म्हणून घ्या. तो पाठ होईपर्यंत चिठ्ठी खिशात आतल्या बाजूला ठेवा. दप्तरावर बाहेरून दिसेल असं नाव लिहू नका. नावाने हाक मारणारा मुलांना ओळखीचा वाटतो.